बाबा घाबरले तो नोव्हेंबर

यंदा आश्विन पौर्णिमेला भिक्खूंचा वर्षावास संपला आणि चौथ्या दिवशी सकाळी खिडकीतून समोरची पाण्याची टाकी दिसेनाशी झाली. दिल्लीत राहणाऱ्याला ऋतू बदलल्याचं असंच कळतं. आमच्या भंडाऱ्याकडे या दिवसांत धान कापणीला येतं, पहाटे बांधावरून चाललं की पाय दवाने ओले होतात. इथे आधी डोळे चुरचुरतात, मग घसा खवखवतो आणि मग तो वास येतो. शेतांत जळलेल्या तणसाचा, डिझेलचा, दसऱ्यापासून उडणाऱ्या फटाक्यांचा. सगळा एकत्र.

मी खिडक्या लावल्या. दाराच्या फटीत जुना टॉवेल कोंबला. कोंबून झाल्यावरही प्रत्येक फटीवरून पुन्हा बोट फिरवत राहिले. तीन वर्षं झाली, पण शरीर विसरत नाही. मन म्हणतं, अगं, दरवर्षीचंच आहे, दोन महिने काढायचे. शरीर मात्र टाकी दिसेनाशी झाली रे झाली की थेट त्या नोव्हेंबरात जाऊन उभं राहतं.

मला भीती वाटते. हे साधं वाक्य उच्चारायला मला आयुष्याची अठ्ठेचाळीस वर्षं लागली, आणि तेही मी एकटी शिकले नाही.

त्या वर्षी आई गेली होती. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या घरात बाबा एकटे कसे राहणार, म्हणून दिवाळीच्या आधी मी त्यांना दिल्लीला घेऊन आले. आर. के. पुरमचं आमचं सरकारी क्वार्टर, दोन खोल्यांचं. नवरा बदलीवर भोपाळला. घरात मी, बारावीतली लेक मैत्री आणि बाबा. मी सकाळी मुनिरक्याहून मेट्रो पकडायची, हौज खासला गाडी बदलायची आणि मंत्रालयातल्या माझ्या टेबलाशी साडेनऊला हजर व्हायची. बाबा घरी. पहाटे उठायचे, तोंड धुऊन बुद्धमूर्तीसमोर त्रिशरण-पंचशील म्हणायचे आणि मग तासभर आनापानाला बसायचे. येणारा श्वास पाहायचा, जाणारा श्वास पाहायचा. पस्तीस वर्षांचा त्यांचा नेम.

हा नेम सुरू व्हायच्या आधीचे बाबा मला चांगले आठवतात. पोस्टमास्तर होते. संध्याकाळी त्यांच्या सायकलची घंटी वाजली की आई चुलीपुढून उठून उभी राहायची आणि मी दप्तर उघडून बसायची, अभ्यास असो नसो. त्यांचा राग काही कारण शोधत नसे. भाजीत मीठ जास्त, दार उघडायला उशीर, माझं हसणं. एकदा त्यांनी भरलं ताट अंगणात फेकलं. कोंबड्या धावत आल्या आणि वरणभात टिपू लागल्या. तो टिपण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे, कारण बाकी घरात कसलाच आवाज नव्हता. मग कुणीतरी त्यांना दहा दिवसांच्या शिबिराला नेलं. परत आले तेव्हा सायकल दाराशी लावून ते आईला म्हणाले, "पाणी देतेस का?" आईच्या हातातून तांब्या पडला. नवऱ्याने असं विचारल्याचं तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

त्यानंतर बाबा कधी ओरडले नाहीत. आणि हळूहळू मला वाटू लागलं, या माणसाला आता काहीच होत नाही. आई गेली तेव्हाही ते तिच्या उशाशी ताठ बसून होते. डोळ्यांत पाणी नाही. लोक म्हणाले, साधना आहे मास्तरांची. मीही म्हणाले. पण मनात कुठेतरी मला त्यांचा राग आला होता.

त्या नोव्हेंबरात आधी घाबरले ती मी.

हौज खासला खालच्या लाइनवरून वर येताना तो लांबलचक सरकता जिना आहे. एका सकाळी जिन्याच्या मध्यावर माझी बोटं बधिर झाली. ओठांना मुंग्या आल्या. छाती भरून यायच्या ऐवजी अर्ध्यातच अडायला लागली आणि मला स्वच्छ कळलं की मी आता मरणार, या जिन्यावर, माणसांच्या गर्दीत, ऑफिसच्या पिशवीत डबा असताना. वर पोचल्यावर मी भिंतीला टेकून खालीच बसले. सुरक्षेवरची एक बाई आली. "मैडम, किसी को फोन करूँ?" मला कुणाचंच नाव आठवेना.

डिस्पेन्सरीत ईसीजी काढला. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, "घबराहट है. आजकल बहुत आ रहे हैं." गोळ्या लिहून दिल्या आणि वर, "थोड़ा मेडिटेशन कीजिए, साँस पर ध्यान दीजिए."

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "सकाळी माझ्यासंग बस."

बसले. डोळे मिटले. नाकाशी लक्ष नेलं. आणि काय झालं, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. जो श्वास मला न विचारता अठ्ठेचाळीस वर्षं चालला होता, तो लक्ष दिल्याबरोबर माझ्या अंगावर येऊन पडला. आता मी घेतला तरच येणार, मी सोडला तरच जाणार. घेतला. पुरला नाही. पुन्हा घेतला. नाकात तोच धुराचा वास. पाचव्या मिनिटाला मी उठून उभी राहिले होते.

"श्वास घ्यायचा नाही, सुजाता," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "येते तो पाहायचा."

"बाबा, ही हवा विषारी आहे," मी म्हणाले. आवाज चढलाच. "आत काय जातंय ते पाहून मी शांत कशी होऊ? तुम्हाला काही होत नाही, म्हणून सगळ्यांना होत नसेल असं वाटतं का?"

त्यांनी डोळे उघडले. नंतर वाटलं, त्याच वेळी त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले.

मग त्यांचा खोकला सुरू झाला. कोरडा, बारीक, थांबता न थांबणारा. छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फिल्म उजेडात धरून दाखवली. फुफ्फुसांच्या खालच्या भागात जाळी धरली होती. आधीपासूनची असणार, म्हणाले, पण आता वाढतेय. "इन्हें फरवरी तक दिल्ली से बाहर रखिए," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दिल्लीबाहेर म्हणजे कुठे? पवनीत एकटं? भोपाळला नवऱ्याच्या एका खोलीत? मैत्रीची प्री-बोर्ड परीक्षा तोंडावर, ऑफिसात अधिवेशनाची कामं, रजा मागायची सोय नाही. मी काय केलं, तर हवा शुद्ध करायचं मशीन आणलं आणि आम्ही तिघं एका खोलीत राहायला लागलो. दार बंद, खिडकी बंद, फटींना चिकटपट्टी. मशीनवरचा दिवा लाल असला की मैत्री म्हणायची, "आई यार, रेड आहे." हिरवा झाला की तिघंही जरा सैल व्हायचो.

आणि ऑक्सिमीटर. बोटाला चिमट्यासारखं लावायचं ते यंत्र मी दिवसातून किती वेळा बाबांच्या बोटाला लावत असेन, मोजदाद नाही. जेवताना, पेपर वाचताना. आकडा नव्वदच्या जवळ आला की माझीच बोटं बधिर व्हायची. एकदा ते हसून म्हणाले, "माय, बोट वापस दे ना माझं. भात कालवतो."

मैत्री एकदा विचारत होती, "आजोबांना धाप लागते म्हणजे एक्झॅक्टली काय होतं?" दिल्लीत वाढलेली पोरगी, तिला तो शब्द माहीत नव्हता. मी सांगायला गेले आणि माझ्या लक्षात आलं, मी तिला बाबांचं नाही, माझंच वर्णन करून सांगतेय.

प्री-बोर्डच्या आदल्या आठवड्यातली ती सकाळ. पावणेसातला जाग आली तर बाबांची गादी रिकामी. पानिपतची जाड चादर नीट घडी घालून ठेवलेली. फोन चार्जिंगला. बाथरूममध्ये नाहीत. चिकटपट्टी सोडवून दार लोटलेलं.

बाहेर जायची सक्त मनाई केली होती मी. मी धावत जिना उतरले. बाहेर काहीच नव्हतं. म्हणजे सगळं होतं, पण दहा पावलांपलीकडे राखाडी भिंत. पार्कात गेले. बाकांपर्यंत जाऊन एकेक बाक पाहावा लागला. गेटवरचा चौकीदार म्हणाला, "बाबूजी? वो तो उधर गए, मुनिरका की तरफ. आधा घंटा हुआ."

मुनिरक्याच्या गल्ल्या उजेडातही चकवतात. दोन्ही बाजूंना चार-पाच मजले, मध्ये हात पसरावेत एवढीच वाट, वर तारांची जाळी, प्रत्येक दारावर 'टू लेट'च्या चिठ्ठ्या. त्या सकाळी दिवे लागलेले होते आणि दिव्यांभोवती धूर फिरत होता. मी "बाबा, बाबा" अशा हाका मारत चालले होते. एका दुधवाल्याने वळून पाहिलं. त्याला वाटलं असेल, मी कुठल्या साधूला शोधतेय.

तिसऱ्या गल्लीत ते आलं. बोटं गेली, ओठ गेले, छाती अर्ध्यात अडली. हौज खासच्या जिन्यावर होतं तसंच, त्याहून मोठं. पण इथे भिंतीला टेकून बसायची सोय नव्हती. मी बसले तर बाबांना कोण शोधणार? त्यामुळे मी भीतीसकट चालत राहिले. चालताना जाणवलं, डावा पाय उंच पडतोय, उजवा खाली. पाहिलं तर एका पायात माझी चप्पल आणि एका पायात मैत्रीची जाड टाचेची. डावा, उजवा. उंच, खाली. फरशी, चिखल, फरशी. मी मेले नव्हते. माझे पाय जमिनीला लागत होते आणि ते मला कळत होतं. भीती गेली नाही. ती माझ्या बरोबर चालत होती, एवढंच.

"आंटी, आप किसी को ढूँढ रही हैं?"

तळमजल्याच्या एका उघड्या दारातून एक मुलगी डोकावली. जवळच्या विद्यापीठात शिकणारी, मिझोरामची, हे नंतर कळलं. तिच्या मागे, तिच्या एकुलत्या एक खुर्चीवर, बाबा बसले होते. पुढे वाकलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. चेहरा त्या धुराच्याच रंगाचा. मी आत गेले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी मला पाहिलं. बोलता येईना. मुलीचा हात त्यांच्या पाठीवर होता.

"खंभा पकड़ के खड़े थे," ती म्हणाली. "मैंने गरम पानी दिया. अंकल बोल नहीं पा रहे थे, तो मैं भी नहीं बोली. बस बैठी रही."

रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत रंग परत आला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून मागचंच वाक्य पुन्हा एकदा, जरा जोरात म्हटलं.

घरी आल्यावर मैत्री दुसऱ्या खोलीत पुस्तक उघडून बसली होती, पान उलटल्याचा आवाज येत नव्हता. मी बाबांना पेज दिली. दोन चमचे घेतले त्यांनी. मग माझा धीर सुटला.

"काय गरज होती बाहेर जायची? पस्तीस वर्षं बसताय. एक सकाळ खोलीत बसवत नव्हतं?"

त्यांनी चमचा वाटीत ठेवला.

"नव्हतं बसवत," ते म्हणाले. "त्या मशीनचा आवाज ऐकत पडलो होतो. वाटलं, दार बंद हाय, आता इथंच जाते जीव. म्हणून उठलो. मले मोकळ्यात जायचं होतं."

मला वाटलं होतं, त्यांना फक्त फिरायची सवय आहे.

"गल्लीत दम भरला. म्हटलं श्वास पाहू. सुजाता, श्वासच नव्हता पाहाले. काहीच आठवे ना. बुद्ध नाही, धम्म नाही. मी काय केलं सांगू?" त्यांनी वाटी खाली ठेवली. "मायले हाक मारली. माझ्या मायले. पन्नास वर्षं झाली तिला जाऊन. एकाहत्तर वर्षांचा बुडगा, खांबाले धरून मायले हाक मारून राहिला होता."

या माणसाच्या तोंडून असलं काही मी कधीच ऐकलं नव्हतं.

"मग इतकी वर्षं बसलात, त्याचं काय झालं?" मी विचारलं. टोचून नाही. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मले वाटे, भीती गेली. राग गेला तशी तेही गेली. पण ते गेली नव्हती. मी तिच्याकडं पाठ करून बसत होतो. तुझी आई गेली तेव्हा लोक म्हणत, मास्तर किती शांत. मी कुठचा शांत. मले काही सुचतच नव्हतं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं." ते थांबले, दम घेतला. "आज पाठ कराले जागाच नव्हती. त्या पोरीचा हात पाठीवर होता, तेवढं कळत होतं. हात हाय. भीती हाय. दोन्ही हाय. बस, तेवढंच पाहत बसलो."

"आणि कमी झाली?"

"नाही ना. पण मी पळालो नाही."

त्या दुपारी मी बाबांसमोर पहिल्यांदा सांगितलं की मला रोज वाटतं मी मरणार आहे. की लहानपणी मला त्यांच्या सायकलच्या घंटीची भीती वाटायची. ते ऐकत राहिले. डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. म्हणाले, "ते माहीत हाय मले. विचाराची हिंमत नव्हती झाली."

चौथ्या दिवशी मी रजा टाकली. साहेब म्हणाले, अधिवेशन आहे. मी म्हणाले, माझे वडील आहेत. मैत्री म्हणाली, "तू जा. मी मॅनेज करेन, बिल्कुल." तिच्या आवाजात किती भीती होती ते मला ऐकू आलं, आणि मी "घाबरू नकोस" म्हणाले नाही. म्हणाले, "भीती वाटली की फोन कर. मलाही वाटतेच आहे."

गाडीत बाबा खिडकीशी बसले. आग्र्यापर्यंत काचेबाहेर पांढरं. झाशीच्या पुढे कधीतरी शेताच्या कडेला एका झाडाची सावली पडलेली दिसली. सावली दिसली म्हणजे ऊन होतं. बाबांनी काचेला हात लावून पाहिला, गरम आहे का म्हणून.

पवनीत चुलत काकू सोबतीला राहिल्या. जाळी काही गेली नाही, जाणारही नव्हती, पण खोकला उतरला. तो हिवाळा आणि पुढचाही त्यांनी तिथेच काढला. मी मार्चमध्ये जायची, मेमध्ये जायची. आम्ही सकाळी एकत्र बसायचो. मला श्वास अजूनही जमत नाही, तो पाहायला गेले की अंगावर येतो. मी चालते. अंगणात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाऊल कुठे पडतंय ते पाहत. बाबा ओसरीवर. ते श्वास पाहायचे की काय पाहायचे, मी विचारत नसे.

दिल्लीत परतल्यावर हौज खासचा जिना रोजचाच आहे. अजूनही कधीकधी बोटं बधिर होतात. मी उजव्या बाजूला उभी राहते, कठडा धरते, मनात म्हणते, आली का. वर पोचेपर्यंत ती असते. कधी टेबलापर्यंत असते. फाइल उघडते तेव्हाही शेजारी बसलेली असते, आणि मी टिपणी लिहिते. मैत्री आता नोएडाला कॉलेजात आहे. परवा तिने धुराचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, डर लग रहा है. मी लिहिलं, मलाही. मग आम्ही दोघी फोनवर अर्धा तास इकडचं-तिकडचं बोललो, तिच्या हॉस्टेलच्या राजम्याबद्दल जास्त.

बाबा गेले ते गेल्या वर्षीच्या भाद्रपदात. शेवटचे दहा दिवस मी पवनीत होते. घरात ऑक्सिजनचं यंत्र लावलं होतं आणि खिडक्या सताड उघड्या होत्या. बंद खोली नको, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. नाकात नळी, उशांना टेकून अर्धे बसलेले. बाहेर धान पोटरीला आलं होतं आणि त्याचा हिरवा वास आत येत होता. छातीचा भाता दिसायचा, वर, खाली, मध्ये बराच वेळ काही नाही, मग पुन्हा वर. त्या मधल्या वेळात मीही श्वास धरून बसायची.

एका दुपारी, काकू मागे भांडी घासत असताना, मी त्यांना विचारलं, "बाबा, भीती वाटते?"

त्यांनी मान हलवली. हो.

मी जवळ सरकले. ते डोळे उघडे ठेवून होते. आयुष्यभर बसताना मिटलेले ते डोळे इतके उघडे मी क्वचित पाहिले असतील. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "श्वास पाहताय का?"

एक श्वास आला, गेला. दुसरा आला.

"नाही माय," ते म्हणाले. "तुले पाहून राहिलो."